बाबांच्या स्टुडिओतले दीड लाख फोटो आणि फोटो शोधून देणारं सॉफ्टवेअर 'इमिच' - सहा महिने वापरून झाल्यावर

फोंड्यात आमचं डिझाईन आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांचे बॅनर, चवथीच्या स्पर्धांची सर्टिफिकेटं, सतरा वर्षं हेच करतेय. त्याच्याआधी त्याच जागेत बाबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे आमच्याकडे दोन पिढ्यांचे फोटो आहेत, बाबांच्या निगेटिव्ह स्कॅन केलेल्या आणि माझे डिजिटल असे मिळून दीड लाखाच्या थोडे खाली. आणि हे सगळे सहा हार्डडिस्कवर, फोल्डरची नावं काय तर 'जत्रा फायनल', 'जत्रा फायनल २', 'बाबा स्कॅन नवीन'. फोटोंची नावं तर कॅमेऱ्याने दिलेले आकडेच. म्हणजे फोटो आहे हे माहीत असायचं, पण तो हाताला लागायचाच नाही.

मग करायचं काय, तर नेटवर शोधायचं. आणि तिथे गोवा म्हणून सर्च मारला की समुद्र, माड, सूर्यास्त, चर्चचा पांढरा दर्शनी भाग, परत समुद्र. पैसे भरून घेतलेल्या एका मोठ्या फोटो साईटवर 'गोवा टेंपल' टाकलं तर पहिल्या दोन पानांवर चार देवळं, तीपण तीच ती, आणि मधेच कुठल्यातरी बीचवरचा शॅक. आमचा गोवा, म्हणजे फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, पालखी, काला, दशावतार, शेणाने सारवलेलं अंगण, हे त्या सर्चमध्ये जवळजवळ नाहीच. तो होता माझ्याच कपाटात, पण मला तो शोधता येत नव्हता. हे मला खूप वर्षं सलत होतं, म्हणून हा रिव्ह्यू एवढा मोठा होतोय, सांभाळून घ्या.

इमिच म्हणजे फोटो सांभाळायचं एक फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर, २०२२ मध्ये सुरू झालं. दिसायला गुगल फोटोजसारखंच आहे पण फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात, बाहेर कुठे अपलोड होत नाहीत. त्यात एक 'स्मार्ट सर्च' आहे आणि मी आले ती फक्त त्यासाठीच. बाकीच्या गोष्टी पण आहेत, चेहरे ओळखतं, नकाशावर फोटो दाखवतं, डुप्लिकेट शोधतं, त्या चांगल्या आहेत, पण त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

बसवून दिलं माझ्या भाच्याने, तो फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे. दुकानातला जुना डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, त्यावर लिनक्स टाकून डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या बंद डब्यात चालवायच्या सोयीत, चालवलं. त्याने एक फार चांगलं केलं, माझे फोल्डर इमिचमध्ये कॉपी न करता 'एक्स्टर्नल लायब्ररी' म्हणून जोडले आणि तेपण रीड-ओन्ली, म्हणजे सॉफ्टवेअर फोटो फक्त बघणार, हलवणार नाही की डिलीट करणार नाही. बाबांच्या स्कॅनच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं होतं. मग चार रात्री कॉम्प्युटर चालू ठेवून सगळे फोटो वाचून झाले. पावसाळ्याचे दिवस, दोनदा लाईट गेली, युपीएसने वाचवलं, आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

आता खरी गोष्ट सांगते. जुलैत आमच्या गावच्या देवस्थान समितीचे एक काका आले. देवळाला नवीन सभामंडप बांधून झाला त्याची पुस्तिका करायची होती. ते म्हणाले, "बाय, जुन्या देवळाचा फोटो मिळेल काय तुझ्या बाबांकडचा? भिंतीवर ती तांबडी नक्षी होती बघ, आता ऑईल पेंट मारलाय, माझ्या डोळ्यासमोर आहे पण दाखवू कोणाला?" ती नक्षी म्हणजे कावी. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि ओला असतानाच वरचा तांबडा थर टोकदार हत्याराने खरवडून काढायचा, मग खालचा पांढरा चुना दिसतो आणि त्यातून वेली, फुलं, देवादिकांची चित्रं तयार होतात. कोकणापासून खाली कारवारच्या पट्ट्यापर्यंत ही कला होती, आणि एकदा वरून ऑईल पेंट बसला की ती गेली, परत मिळत नाही.

काकांना मी चहा मागवला आणि ते समोर बसलेले असतानाच टाईप केलं, इंग्लिशमध्ये, 'रेड अँड व्हाईट फ्लोरल पॅटर्न ऑन ओल्ड वॉल'. पहिल्या ओळीत दोन साड्या आल्या, एक रांगोळी आली, पणजीतल्या फोंताईनशमधल्या एका घराच्या टाईल्स आल्या, आणि पाचवा फोटो एका लग्नाचा. १९८९. वधूवर मधे, दोन्हीकडे माणसं उभी, आणि त्यांच्या मागे डोक्यापासून छतापर्यंत पूर्ण भिंत कावीची. तांबडा रंग थोडा विटकरी झालेला, निगेटिव्हला एक ओरखडा, पण वेल स्पष्ट, फुलाच्या पाच पाकळ्या मोजता येतात, आणि एका कोपऱ्यात घोड्यावर बसलेला कोणीतरी. काका खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले, बोटाने वेल फिरवत गेले आणि मग म्हणाले, "हा नवरा म्हणजे माझा चुलतभाऊ."

बाबांनी भिंतीचा फोटो काढलाच नव्हता, त्यांनी लग्नाचा फोटो काढला होता. फोल्डरचं नाव पण लग्नाचंच. कुठल्याही नावाने, कुठल्याही तारखेने मी तिथे पोचले नसते. यासाठी या सर्चला मी पाचापैकी पाच देते, बाकी मार्क कापायचे ते खाली कापते.

हे होतं कसं ते भाच्याने समजावलं आणि मग मी स्वतः पण वाचलं, कारण ते कळलं की शोधायची पद्धतच बदलते. यात 'क्लिप' नावाचं एक एआय मॉडेल असतं, ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये आणलेलं. इंटरनेटवरचे ४० कोटी फोटो आणि त्या प्रत्येकासोबतचा मजकूर अशा जोड्या दाखवून त्याला शिकवलंय. कुठला फोटो कुठल्या वाक्याचा, एवढंच ओळखायचं, पण इतक्या वेळा की फोटो आणि शब्द दोन्ही ते एकाच मापात मोजायला शिकलं. इमिचमध्ये पहिल्यापासून जे मॉडेल येतं ते प्रत्येक फोटोची ५१२ आकड्यांची एक ओळ करून ठेवतं. आपण वाक्य टाईप केलं की त्याची पण तशीच ५१२ आकड्यांची ओळ होते, आणि ज्या फोटोची ओळ आपल्या वाक्याच्या ओळीला सगळ्यात जवळची तो पहिला. म्हणजे फोटोला नाव नसलं तरी चालतं, काय *दिसतंय* ते सांगायचं.

आणि इथेच आमच्या वस्तूंची गोची होते. 'माटोळी' टाकलं. काहीही आलं, मातीची भांडी, डोंगर, एक बैल. कारण नेटवरच्या त्या जोड्यांमध्ये माटोळी हा शब्द असून असून किती असणार. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला सुपारीची शिपटी, आंबाडे, तोरिंगण, कवंडळं, रानातली फळं-पानं बांधतात ती माटोळी, सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय तिची स्पर्धा पण घेतं. माझं अर्धं काम भाद्रपदात त्याच्याभोवती असतं. मग मी लिहिलं, 'फ्रूट्स अँड व्हेजिटेबल्स हँगिंग फ्रॉम सीलिंग'. आणि धाडधाड माटोळ्या, दोनशेच्या वर, बाबांच्या काळातल्या पण, आमच्या आजोळच्या घरातली पण, ज्यात पंखा नाही आणि पिवळा बल्ब आहे. नाव माहीत नाही पण रूप ओळखतं. तेव्हापासून मी तशीच शोधते. दिवजां म्हणत नाही, 'वुमेन होल्डिंग ऑइल लॅम्प्स ॲट नाईट' म्हणते. शिंपल्याच्या खिडकीला 'विंडो मेड ऑफ स्मॉल ट्रान्सलुसंट स्क्वेअर्स'. एखाद्या परक्या माणसाला फोनवर वर्णन करून सांगावं तसं, आणि खरं सांगते त्याने माझी नजर पण सुधारली, कारण माटोळीत नक्की काय दिसतं हे मी कधी शब्दात मांडलंच नव्हतं.

मराठीतून सर्च करायचं असेल तर मॉडेल बदलावं लागतं, सेटिंगमध्ये मशीन लर्निंगमध्ये जाऊन नाव बदलायचं आणि सगळे फोटो परत वाचायला लावायचे. बहुभाषिक मॉडेल आहेत बरीच, त्यात 'एनएलएलबी-क्लिप' नावाचं एक आहे, मेटाच्या २०२२ च्या भाषांतराच्या कामावर उभं असलेलं, दोनशे भाषा. त्यात मराठी आहे, संस्कृत आहे, मैथिली, भोजपुरी आहे. कोकणी नाही. त्या प्रकल्पाच्या नावाचा अर्थ आहे 'कुठलीच भाषा मागे राहू नये', आणि आमच्या राज्याची राजभाषा त्यात नाही, हे वाचून वाईट वाटलं. आमच्या घरात मराठी-कोकणी अशी भिंत नाहीच आहे, एका वाक्यात दोन्ही येतात. 'पावसात छत्री घेऊन मुलं' टाकलं तर बरोब्बर आली, 'पावसांत सत्री घेवन भुरगीं' टाकलं तर पाऊस आला पण मुलं नाही. मराठीवर मात्र खूष आहे, 'अंगणात तुळशीसमोर बसलेली म्हातारी बाई' असं लिहिलं आणि माझी आजीच आली समोर. फक्त हे मॉडेल जड आहे, माझ्या आठ जीबीच्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो परत वाचायला नऊ दिवस लागले आणि सर्चला पण दोनतीन सेकंद जातात. मशीन चांगलं असेल तर त्रास होणार नाही.

जिथे हे मॉडेल चुकतं त्या जागा एकदा कळल्या की चिडचिड होत नाही. नकार कळत नाही, हा पहिला मुद्दा. 'रस्ता, माणसं नसलेला' म्हटलं की माणसांनी भरलेले रस्ते येतात, कारण माणसं हा शब्द तर आलाच ना वाक्यात. त्यापेक्षा 'रिकामी गल्ली' लिहायचं. मोजता पण नीट येत नाही, तीन समया आणि पाच समया त्याला सारख्याच. आणि फोटोत इंग्लिश अक्षरं असली की ते भुलतं, 'फेस्टिव्हल' टाकलं तर पालखी राहिली बाजूला, ज्या ज्या बॅनरवर फेस्टिव्हल छापलंय ते सगळे माझेच बॅनर वर आले. याचं एक प्रसिद्ध उदाहरण ओपनएआयनेच २०२१ मध्ये दिलं होतं, सफरचंदावर आयपॉड लिहिलेली चिठ्ठी चिकटवली तर मॉडेल त्याला आयपॉड म्हणालं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आकार. सुरुवातीचं जे मॉडेल आहे ते फोटो बारीक करून २२४ बाय २२४ पिक्सेलचाच बघतं. तुमचा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा असू दे, त्याला तो पोस्टाच्या तिकिटाएवढाच दिसतो. १९८९ चा फोटो सापडला कारण भिंत अर्धी फ्रेम होती. त्याच देवळाचा अजून एक फोटो होता, लांबून काढलेला, पालखी निघतेय आणि दाराच्या चौकटीच्या वर हातभर कावीचा पट्टा, तो शब्दांनी आलाच नाही कितीही डोकं लावलं तरी. तो मिळाला वेगळ्या वाटेने, फोटो उघडून त्याच्या मेनूत 'असेच दिसणारे फोटो' असा पर्याय आहे, तो त्या देवळाच्या दुसऱ्या एका फोटोवर लावला आणि मग तीन पानं खाली जाऊन तो दिसला. पुस्तिकेच्या मागच्या कव्हरवर तोच आहे. तर बारीक नक्षी, दागिने, दारावरचं कोरीवकाम असलं काही पुढे शोधायला लागेल असं वाटत असेल तर त्या भागाचा एक वेगळा क्रॉप करून ठेवा. मी आता प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'तुकडे' म्हणून एक सबफोल्डर करते, वेळ जातो पण उपयोग होतो.

डिझायनर लोक विचारतील की एवढं सगळं कशाला, एआयला सांगून चित्रच बनवून घे ना. एक गिऱ्हाईक तसं घेऊन आलं पण होतं, 'गोव्याचं देऊळ' म्हणून मोबाईलवर बनवलेलं चित्र, आणि त्यात चांगलं उंच दक्षिणेकडचं गोपुर, मूर्तींनी भरलेलं, शेजारी माड. आमची देवळं अशी कुठे असतात. उतरत्या कौलांचा सभामंडप, गाभाऱ्यावर घुमट, समोर मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ, मंगेशीचा सात मजली तर सगळ्यांनी बघितलाय, समोर तुळशीवृंदावन, बाजूला तळी. जो माणूस त्या देवळात वर्षातून चार वेळा जातो त्याच्या हातात त्याच देवळाच्या जत्रेचं पत्रक द्यायचंय, त्यावर भलतंच देऊळ कसं छापू? त्या गिऱ्हाईकाला मी बसवून त्यांच्याच गावचे बाबांनी काढलेले फोटो शोधून दाखवले, दहा मिनिटं लागली. पत्रक त्यावरच झालं. मला वाटतं एआयचा आमच्यासारख्यांना खरा उपयोग इथे आहे, नवीन खोटं बनवण्यापेक्षा जे खरं आहे ते सापडवून देण्यात.

नेटवरून एखादं चित्र घ्यायची वेळ येतेच, तेव्हा मी उलटा सर्च करते, टिनआय आहे २००८ पासूनचं, गुगल लेन्स आहे, फोटो टाकला की तो आधी कुठे कुठे आलाय ते दाखवतात, त्यावरून मूळ मालक शोधायचा आणि विचारायचं. सापडला म्हणजे आपला झाला असं नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली लायसन्स लिहिलेलं असतं, ते वाचा, फोटोग्राफरचं नाव द्यायला सांगितलं असेल तर द्या, स्टुडिओवाल्याची मुलगी म्हणून हे कळकळीने सांगतेय.

आणि लग्नाचे फोटो. लोकांनी बाबांवर विश्वास ठेवून काढून घेतलेले, घरातल्या बायका, मुली, आता नसलेली माणसं. ते मी कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर चढवायला तयार नव्हते, सर्च कितीही चांगला असला तरी. इमिचमध्ये हे मॉडेल माझ्याच कॉम्प्युटरवर चालतं, एकदा डाऊनलोड झालं की नेट बंद करून पण सर्च होतो, मी करून बघितलंय. चेहरे ओळखायचा भाग आहे तो मी बंद ठेवलाय, मला त्याची गरज नाही. बॅकअपची मात्र जबाबदारी आपली, त्यांच्या साईटवरच ३-२-१ पद्धतीने ठेवा म्हणून लिहिलंय, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. माझी तिसरी प्रत बहिणीकडे म्हापशाला असते, दर महिन्याला बदलून आणते.

सध्या एक काम चालू आहे ते सांगते. रूपावरून फोटो सापडतात पण नाव हरवतं, आणि नाव त्या मॉडेलला कोणी सांगणार नाहीये. इमिचमध्ये प्रत्येक फोटोला वर्णन लिहायची जागा आहे आणि सर्चमध्ये 'वर्णनात शोधा' असा वेगळा पर्याय आहे. मग रविवारी आई आणि मी बसतो, मी आधी रूपावरून माटोळ्या काढते, मोठ्या करते, आणि ती फळाफळावर बोट ठेवून नावं सांगते, मी लिहिते, मराठीत आणि कोकणीत दोन्ही. आतापर्यंत एकसष्ट फोटो झाले. काही फळं तिला पण ओळखता येत नाहीत, ती आम्ही बाजूला काढून ठेवलीत, सत्तरीतल्या मावशीला दाखवायला. एका फळावरून दोघींचं फोनवर भांडण झालंय, मावशी म्हणते तसं नाहीच ते, प्रत्यक्ष येऊन बघते.

मार्क म्हणाल तर चार, एक कापला तो बसवायला माहितगार माणूस लागतो म्हणून. माझ्यासारखीला एकटीने जमलं नसतं आणि प्रत्येकाचा भाचा फर्मागुढीला नसतो. सुरुवात करणार असाल तर सगळं एकदम जोडू नका, एका वर्षाचा एकच फोल्डर घ्या, पाचसहा हजार फोटोंचा, तो एका रात्रीत होतो. सुरुवातीचंच मॉडेल ठेवा, इंग्लिशमध्ये साधी वाक्यं लिहून आठवडाभर बघा, जमतंय वाटलं तरच मराठीवालं जड मॉडेल टाका. रॅम आठपेक्षा कमी असेल तर आधी ती वाढवा. आणि स्कॅन केलेल्या फोटोंच्या तारखा तपासून घ्या, माझे बाबांचे सगळे फोटो स्कॅन केल्याच्या दिवशीचे म्हणून २०१४ मध्ये येऊन बसले होते, ते निस्तरायला मला पूर्ण ऑगस्ट लागला.